गडचांदूरचा राखी पक्षी

पक्षीशास्त्राला एक नवा पक्षी देण्याचा मान आमच्या घराण्याकडे जातो. तो आमच्याकडे फार दिवस राहिला नाही, ही गोष्ट वेगळी.

गडचांदूरला दिवाळी सरली की थंडी आणि खोकला एकाच गाडीने उतरतात. पाऊस संपलेला असतो, त्यामुळे सिमेंट कारखान्याची धूळ बसते तिथेच राहते. तुळशीवर, वाळत घातलेल्या लुगड्यावर, कापसावर. (आमचा कापूस पांढरा असतो, असे ऐकून आहे.) गावामागच्या तळ्याच्या जागी आता चुनखडीचा खड्डा आहे. हिवाळी बदके यायची थांबली. दरवर्षी एकेक पक्षी कमी होताना पाहिलेल्या माणसाला खाणीच्या वाटेवर, बोरीच्या झुडपात, कधीच न पाहिलेला पक्षी दिसला तर त्याचे काय होईल? डोक्यावर तुरा, चोचीपासून शेपटीपर्यंत राखी. पुस्तकात कुठेच नाही!

मी हे घरी सांगितले, तिथेच चुकले. रेखाने, म्हणजे माझ्या बायकोने, लगेच माहेरी फोन लावला. लग्नापासून माझ्याबद्दल माहेरी सांगण्यासारखे तिला प्रथमच काही मिळाले होते.

रविवारी तिचा थोरला भाऊ सुधीर हातभर लेन्स घेऊन नागपूरहून हजर!

"भाऊजी, पक्कं ना? मांगच्या टाइमाले तुमचं घुबड मडकं निंगालं होतं."

"दादा, या बारीनं पक्कं हाये," रेखा म्हणाली. तिचा विश्वास पाहून मला घाम फुटला.

एकाच मोटारसायकलवर आम्ही तिघे ट्रकांच्या मागून निघालो. रेखाने ओढणी गुंडाळली, सुधीरने टोपी आणि मास्क चढवला. मी चेहरा उघडाच ठेवला. (पक्षीनिरीक्षकाने निसर्गाला थेट सामोरे जावे, असे माझे तेव्हा मत होते.)

पक्षी बोरीतच होता!

"तहानला असंन बिचारा," म्हणत रेखाने डब्याच्या झाकणात पाणी ओतून ठेवले. आम्ही दूर बसलो. तो खाली उतरला.

"काढ, काढ! फोटो काढ!" मी कुजबुजत ओरडलो.

सुधीरचा कॅमेरा खडखडू लागला. पक्षी झाकणात बसला आणि पंख फडफडवू लागला. डोके काळे झाले. पुन्हा बुडी. अंग तपकिरी झाले. मग त्याने शेपटी वर केली. खाली लालभडक!

लालबुड्या बुलबुल. आमच्या अंगणात रोज पपई खातो, तो.

"भाऊजी," कॅमेरा खाली न घेता सुधीर म्हणाला, "जात नवीन नाई. धूळ जुनी हाये."

रेखाचा फोन वाजत होता. माहेरचा होता. तिने तो वाजू दिला आणि झाकणातला राखी चिखल ओतून टाकला.

घरी पोचलो तेव्हा आई दारात उभी होती. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

"कोन पायजे, भाऊ?"

"मावशी, वसंतभाऊजी होय ना हे!" सुधीर म्हणाला.

"असं काय?" आईला पटले नाही. "मंग पयले धुऊन पाहा त्याले. काय निंगते ते."

मी आंघोळ केली. वसंतच निघालो.