शम्साबीबीची हाक

शम्साबीबीला मी पहिल्यांदा नीट पाहिलं, ते माझ्या आठ महिन्यांच्या पुतण्याचे कान पारखताना. आम्ही ताटं बडवत होतो. ती म्हणाली, "बंद करा ते! जमीन हादरली की बहिरं बाळही दचकतं." मग त्याला कडेवर घेऊन तिने त्याच्या मागून हलकेच चुटकी वाजवायला सांगितलं. पोरगं वळलं.

जम्मूकडच्या डोडाच्या डोंगरातल्या आमच्या गुज्जर वस्तीत बहिरेपण रक्तातून येतं, म्हणून ऐकणारेसुद्धा सगळे हातांनी बोलतात.

शम्साबीबीची स्वतःची नात सफूरा मात्र कधी वळली नाही. ती पाच वर्षांची असताना दूरच्या शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "हिच्या कानातल्या केसपेशी शाबूत आहेत. आवाज आला की त्यांवरचे बारीक केस हलतातही. पण ती खबर पुढे नसेला देणारं प्रथिन जन्मापासून नाही. ते बनवणारं जनुक आम्ही कानात सोडू."

"म्हणजे चिठ्ठी तयार आहे, पोस्टमन नाही," शम्साबीबी म्हणाली.

बाई हसल्या. "गुण येईलच असं नाही हं, आजी."

इलाज करून तीन महिन्यांनी दोघी परतल्या. अंगणात अख्खी वस्ती जमली. "सफूरा! सफूरा!" पोर वळेना. उलट आजीच्या ओढणीत घुसली.

"एवढी तंगडतोड केलीस, भाभी," धाकटी जाऊ जैनब म्हणालीच, "आणि पोर होती तशीच!"

शम्साबीबीने ओढणी बाजूला करून पोरीच्या गालाकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्टरजी, आपण सगळेच गाढव! हिला तोंडाने कधी कुणी हाक मारलीय का? हिचं नाव तर हे." तिने गालावर बोट टेकवलं. सफूराच्या खळीवरून आम्ही तिला तसंच बोलवत होतो. कानावर पडणारा तो आवाज म्हणजे आपण, हे तिला कळणार कसं?

त्या दिवसापासून गालावर बोट आणि तोंडाने 'सफूरा', दोन्ही एकदम. भाकरी देताना, वेणी घालताना. जैनबलाही सूट नव्हती. "तोंड चालव की! एरवी तर थांबत नाही."

विसाव्या दिवशी सफूरा मक्याच्या शेतात पाठमोरी कणसं खुडत होती. शम्साबीबीने बांधावरून एकदाच हाक मारली. पोर गर्रकन वळली आणि स्वतःच्या गालावर बोट ठेवून पाहत राहिली: मी?

म्हातारी मक्यातून धावत सुटली. जैनब ओरडत वस्तीकडे पळाली, "ऐकलं! पोरीनं ऐकलं!" तोंडाने ओरडत होती आणि हातांनीही तेच सांगत होती, त्यामुळे एकही घर मागे राहिलं नाही.

शम्साबीबी आता एकाहत्तर वर्षांची आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी वस्तीतली तान्ही बाळं आणि त्यांच्या आया यांना घेऊन ती तालुक्याच्या दवाखान्यात कान तपासायला जाते.