फुजिबाकामाचा वास

इंग्लंडातल्या लेस्टरच्या मुरलीधररावांना जगातलं सगळं ठाऊक होतं. समोरच्यानं तोंड उघडलं रे उघडलं की हे म्हणायचे, "ठाऊक आहे मला." तीस वर्षं बसगाड्या दुरुस्त केल्या, रिटायर झाले, पण कुणाचं वाक्य म्हणून पुरं होऊ दिलं नाही. बायको मधुमतीबाई तर आताशा निम्म्यातच थांबायच्या.

शेजारच्या फुमिकोबाई जपानला लेकीकडे राहायला निघाल्या, तेव्हा त्यांनी यांच्या हाती एक रोप दिलं. फुजिबाकामा. त्यांच्याकडे शरदाची म्हणून सात फुलं मानतात, त्यातलं हे एक. पूर्वी नदीकाठी आपसूक उगवायचं, आता शोधावं लागतं.

"जुन्या काळी बायका कपड्यांत ठेवायच्या, वासासाठी," बाई म्हणाल्या. "पण त्याला आधी..."

"ठाऊक आहे मला."

तीन शरद गेले. फिकट जांभळे तुरे यायचे, वास मात्र नावाला नाही. रोज चहाआधी हे झुडपात नाक खुपसून उभे. खिडकीतून मधुमतीबाई विचारायच्या, "अहो, सर्दी तुम्हाला झालीय की फुलाला?" आणि फुमिकोबाईंचा फोन आला की मुरलीधरराव सांगायचे, "काय घमघमाट सुटलाय म्हणून सांगू."

यंदा त्या स्वतःच यायच्या ठरल्या. झालं. तीन वर्षांची थाप आता उघडी पडणार. दोन दिवस आधी मुरलीधररावांनी सगळे तुरे कापले. बहर सरला म्हणायचं. कचऱ्यात टाकायला हात धजेना, म्हणून बॉयलरच्या उबदार कपाटात, टॉवेलांमागे कोंबले.

फुमिकोबाई आल्या, हात धुतले. मधुमतीबाईंनी कपाटातला टॉवेल दिला. बाई तो नाकाशी धरून तशाच उभ्या राहिल्या.

"फुजिबाकामा किती छान वाळवलंत," त्या हळूच म्हणाल्या. "आईच्या कपाटाला हाच वास होता. सुकल्याशिवाय तो येत नाही. हे सांगायचं राहिलं, अशी रुखरुख होती मला."

मुरलीधररावांनी टॉवेल हुंगला. उन्हात वाळलेल्या गवताचा, गोडसर वास. त्यांनी तोंड उघडलं. मधुमतीबाई वाटच बघत होत्या.

"हे मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "मी थापा मारत होतो."

फुमिकोबाई हसू लागल्या. मधुमतीबाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

"चार दिवस राहाच आता," त्या म्हणाल्या. "माझीही बरीच वाक्यं अर्धी राहिलीत."