आग मी लावली होती

गेल्या महिन्यातली गोष्ट आहे. सांगू की नको करत इतके दिवस काढले... आज लिहून टाकते.

गडचिरोलीहून दोन बस बदलून माझ्या शाळेचं गाव येतं. मी तिथे चार वर्षांपासून शिक्षिका आहे. माहेर चंद्रपूरचं, घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. गाव गोंडांचं, त्यांचे देव वेगळे, पण मला कधी परकं वाटलं नाही. कोणाकडे भाजी झाली की वाटीभर माझ्याकडे येतेच.

माझ्या खोलीमागे मोहाचं मोठं झाड आहे आणि त्याला लागून जंगल. उन्हाळा लागला की झाडाखाली पाल्याचा थर साचतो आणि मला सापाची जाम भीती. त्यात मोहाखालचा पाला जाळून जागा साफ करायची इकडे जुनी सवय, म्हणजे खाली पडलेली फुलं नीट दिसतात. वनखात्याची मनाई आहे. फळ्यावर ‘वणवा टाळा’ लिहून मुलांकडून तसं घोकून घेणारीही मीच...

त्या रविवारी सकाळी मी पाला पेटवला. वाटलं, दहा मिनिटांचं काम. तेवढ्यात बसचा हॉर्न ऐकू आला. तालुक्याला उपासनेला जायचं होतं आणि त्या दिवशी शास्त्रवाचन माझ्याकडे होतं. अर्धी बादली पाणी ओतलं, धूर बसल्यासारखा वाटला आणि मी धावले.

दुपारी परत आले तर मागचा उतार काळा पडला होता. गावकऱ्यांनी हिरव्या फांद्यांनी झोडपून आग विझवली होती. माणूस-जनावर कोणाला काही झालं नाही, पण जंगलाचा बराच मोठा तुकडा गेला होता.

सोमवारी वनरक्षक शाळेत आले. “मॅडम, आग कोनं लावली, काही दिसलं का?”

मी म्हणाले, “मी तर काल चर्चला होते.”

शब्द न् शब्द खरा होता. म्हणूनच आज तो आठवला की स्वतःची किळस येते. खोटं बोलायलाही मी देवाचं घर वापरलं...

संशय रैनूभाऊंवर गेला. हे गावचे भूमिया, म्हणजे पुजारी. साठीच्या पुढचा, शांत माणूस. आग विझवायला सगळ्यात आधी तेच धावले होते, आणि नेमकं तेच त्यांच्या अंगाशी आलं. पहिला पोचला म्हणजे लावणाराही हाच.

ते एवढंच म्हणाले, “साहेब, अजून पंडुम नाई झाला. मी मोवाखाली कायले जाईन?”

पंडुम म्हणजे नव्या फुलाफळांचा सण. आधी देवाला द्यायचं, मग आपण हात लावायचा. भूमियाने तो केल्याशिवाय मोहाचं एक फूल कोणी उचलत नाही. वनरक्षक हसले आणि त्याच दिवसापासून त्यांना रेंज ऑफिसला बोलावून घेतलं. रोज सकाळच्या बसने जायचं, दिवसभर बाकावर बसायचं, संध्याकाळी परत.

पंडुम बुधवारी होता. भूमियाच नाही म्हटल्यावर तो राहिला. आणि मोह काही कोणासाठी थांबत नाही... रोज पहाटे फुलांचा सडा पडायचा, गुरं खायची, उरलेली उन्हात सुकून जायची. वर्षातले हे मोजके दिवस असतात, त्यावर घरं चालतात. तरी कोणी टोपली घेऊन निघालं नाही.

मी गप्पच होते. नोकरीवर येईल, चर्चमध्ये काय तोंड दाखवू, पोरं काय म्हणतील, हेच डोक्यात. शिवाय कशाला उगाच, सोडतील त्यांना दोन दिवसांत, अशी स्वतःची समजूतही घालत होते.

शुक्रवारी सकाळी शेजारची जनीबाई फुलांना वळसा घालून पाण्याला चालली होती. मी सहज म्हटलं, “बाई, उचला की थोडी. कोण बघतंय?”

ती थांबली. “कोनी पाहून नाई राह्यलं, म्हनूनच तं भेव वाटते.” आणि गेली.

मी दारातच बसले. संडे स्कूलमध्ये परमेश्वराचं भय शिकवताना मी मुलांना फोड करून सांगते, भय म्हणजे घाबरणं नाही, आदर. इतकी मऊ फोड केली होती की माझ्यापुरतं त्यातलं भयच संपलं होतं...

शाळेला रजेची चिठ्ठी पाठवली आणि रैनूभाऊ जायचे तीच सकाळची बस पकडली. रेंज ऑफिसात सगळं सांगितलं. तिथले साहेब अवघडले. “आधी सांगायचं नं मॅडम.” माझा जबाब घेतला, ताकीद दिली आणि जा म्हणाले. पाच दिवस जिला घाबरले ती शिक्षा एवढीच होती. रैनूभाऊंना मात्र पाच दिवस बाकावर बसवलं, आणि गावाची अर्धी फुलं गेली.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. मी माफी मागितली. ते म्हणाले, “तुमच्या देवाले मालूम होतं नं, बाई?”

“हो.”

“मंग तुमाले झोप कशी लागली?”

टोमणा नव्हता त्यात. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

मला झोप लागली होती. रोज प्रार्थना करून, छान लागली होती. प्रभू क्षमा करतो हे मला इतकं पाठ होतं, की त्याच्यासमोर आपण उभे आहोत हे आठवायची गरजच पडली नाही.

रविवारी चर्चमध्ये मंडळीसमोर उभं राहून हे सगळं बोलले. पाळकसाहेब प्रेमाने म्हणाले, देवाने तुम्हाला केव्हाच क्षमा केली. मी मान हलवली. पण हल्ली गुडघे टेकले की क्षमेच्याही आधी मी भय मागते... लोकांचं भय पुष्कळ आहे माझ्याकडे, तुझं थोडं तरी दे म्हणते.