दिवाबत्तीचे दगाआप्पा

दगाआप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भररस्त्यात उकिडवे बसून लाल मिरच्या मांडत होते. तिन्हीसांजेची वेळ. डांबरावर खडूने ओढलेल्या रेघा आणि प्रत्येक रेघेवर मूठभर वाळलेल्या मिरच्या. येणारेजाणारे लांबून वळसा घालत होते. एका दारातून एक बाई ओरडली, "ओ आप्पा, दुसरानं दार देखा ना करनी कराले!" आप्पांनी मान वर केली नाही. "करनी नही माय, मोजनी करी ऱ्हायनू," म्हणाले आणि पुढच्या रेघेकडे सरकले.

मी त्याच आठवड्यात नगरपालिकेच्या दिवाबत्तीच्या टेबलावर लिपिक म्हणून आलो होतो. टेबलावरचा पहिलाच अर्ज होता, 'आपला वायरमन आमच्या दारासमोर उतारा टाकतो, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.' कार्यवाहीसाठी मी स्वतः गेलो. तासाभराने परत आलो तो रस्त्यावरच्या दिव्यांविषयी इतकं काही शिकून, की पुढे बावीस वर्षं त्या टेबलावर मला नवीन कळण्यासारखं फारसं उरलं नाही.

आप्पा मूळचे शेजारच्या कोरीट गावचे. शिक्षण आठवीपर्यंत. उजेड मोजायचं यंत्र आमच्या कार्यालयात होतं. ते कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली बदली झालेल्या अभियंत्याबरोबर गेली होती. म्हणून आप्पांनी आपलं यंत्र शोधलं. त्याचं नाव जनाक्का. जनाक्का तीस वर्षं गावाबाहेर मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवर बसून देठ खुडत होती आणि चांगल्या मिरचीतून फटकी, म्हणजे पांढरट पडलेली मिरची, वेगळी काढत होती. आप्पा दोन खांबांच्या मधे थोड्या थोड्या अंतरावर चांगली-फटकी मिसळून ठेवत आणि संध्याकाळी पथारीवरून घरी निघालेल्या जनाक्काला प्रत्येक रेघेवर बसवून निवडायला लावत. खांबाखाली तिचा हात झरझर चाले. मधे आल्यावर ती चाचपडू लागे. जिथे तिने पहिली फटकी चांगल्यात टाकली, तिथे आप्पा खडूने फुली मारत.

"दगाभाऊ, तू मन्हा डोयानी परीक्षा लई ऱ्हायना का दिवानी?" ती वैतागून विचारी.

"तुन्हा डोया पास शेतस, अक्का. दिवाच नापास शे."

आप्पांचं म्हणणं साधं होतं. दिवा खांबावर लटकवला की उजेड खांबाच्या पायथ्याशी सांडतो. तिथे कुत्री झोपतात आणि पुढाऱ्यांचे वाढदिवसाचे फलक लागतात. दोन खांबांच्या मधे, जिथे माणूस चालतो, तिथे काही पोचत नाही. शिवाय झगझगाटातून बाहेर आलेल्या डोळ्याला मधला अंधार आहे त्याहून दाट वाटतो. "खांबखाले वरात अन् मधमा मसन," असं ते म्हणत. जास्त उजेड त्यांना नकोच होता. होता तोच सारखा पसरायचा होता.

त्यासाठी त्यांनी दिव्याची टोपी केली. बाजारपेठेतल्या एका शेठजींच्या भांड्यांच्या दुकानातली पोचे आलेली स्टीलची ताटं ते मागून आणत, कापत आणि गुडघ्यावर धरून लाकडी हातोडीने वाकवत. एक पाकळी दिव्याच्या बरोबर खाली, तिथला उजेड अडवून बाजूला फेकायला. दोन लांब पाकळ्या रस्त्याच्या दोन दिशांना, त्या उजेडाला पार पुढच्या खांबाच्या निम्म्या वाटेवर पोचवायला. पहिल्या टोप्यांतला उजेड गाडीवाल्यांच्या डोळ्यांत जाई. मग पाकळीच्या कडेला खाली वळलेला ओठ आला. तो ओठ किती वळवायचा यात एक हिवाळा गेला. रोज संध्याकाळी मिरच्या, जनाक्का आणि खडू. प्रत्येक जागेवर निम्मा उजेड या खांबाचा आणि निम्मा त्या खांबाचा पडला पाहिजे, हा त्यांचा हिशोब. ज्या दिवशी जनाक्काने पथारीच्या रस्त्यावर अकरा खांबांमधल्या एकाही रेघेवर चूक केली नाही, त्या दिवशी आप्पांनी तिला चहा पाजला. तिने सांगितलं, साखर कमी होती.

टोप्यांना मंजुरीचा कागद नव्हता, तरी या रस्त्याचं लोकार्पण झालं. फीत, नारळ, शाल, तीन भाषणं. नगराध्यक्षांनी बटण दाबलं आणि सगळ्यांनी सवयीने वर पाहिलं. वर काही झगमगलं नाही. छायाचित्रकार कुरकुरला की फोटोत दिवाच येत नाही. नगराध्यक्ष म्हणाले, "आप्पा, जुने दिवे कसे लांबून चमकायचे! हे लागलेत की नाही, ते काय खाली बघून ठरवायचं?"

"हा साहेब, खालेच देखानं," आप्पा म्हणाले. "दिवा देखाले नही लावतस. रस्ता देखाले लावतस."

खाली पाहिलं ते फक्त पथारीवरून येणाऱ्या बायांनी. त्या पूर्वी हातात हात धरून, एकमेकींना हाका मारत यायच्या. आता सुट्या सुट्या येऊ लागल्या. मोटारसायकलवाले मधल्या अंधारात वेग कमी करायचे, तेही थांबलं. सगळा रस्ता सारखा दिसू लागला तेव्हा लोकांनी सावध राहणं सोडून दिलं. हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

आमच्याकडे एक रीत आहे. घरात लग्न असो, बारसं असो की निवडून येणं असो, वायरमनला सांगून समोरच्या खांबावरचा दिवा आपल्या दाराकडे वळवून घ्यायचा. दुसरे वायरमन वळवत. आप्पा वळवत नसत. नगराध्यक्षांच्या भावाला त्यांनी नकार दिला. स्वतःच्या मुलीच्या हळदीला दारात कंदील टांगला, पण समोरच्या दिव्याला हात लावला नाही. "मन्हा दारमा उजीड उना, ते तो कोना तरी रस्तावरना गया," एवढंच त्यांचं म्हणणं. या माणसाचं मला मोठं कौतुक वाटे. लोकार्पणाच्या प्रत्येक फितीवर मी त्यांच्याजवळ कुजबुजत टोमणे मारी आणि ते मिशीत हसत.

मग माझ्या मुलीचं लग्न ठरलं. माझं घर पथारीच्या रस्त्यावर, सातव्या खांबासमोर. वऱ्हाड सुरतेचं होतं. मी घराला रंग दिला, फिकट पिवळा. संध्याकाळी बाहेर उभा राहून पाहिलं तर रस्ता लख्ख आणि घर नुसता काळा ठोकळा. आप्पांचा उजेड घरांवर पडतच नव्हता. दुसऱ्यांच्या फितींना हसणारा मी, मला माझ्या भिंतीचा रंग व्याह्यांना दाखवायचा होता.

आप्पा नाही म्हणाले. मी म्हटलं, दोनच दिवस. ते पुन्हा नाही म्हणाले. तेव्हा मी ते बोललो, जे बोलायला नको होतं. "आप्पा, विनापरवानगी टोप्या लावल्या म्हणून तुमच्यावर किती वेळा कागद आले? ते कोणी दाबून ठेवले?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मिरची ओळखता न आल्यावर जनाक्का जशी हातातल्या मिरचीकडे पाही, तसं. मग शिडी आणली, चढले आणि सातव्या खांबावरचा दिवा माझ्या घराकडे वळवला. खाली उतरून म्हणाले, "परवा सकायले सवळा करी देसु, भाऊसाहेब." म्हणजे परवा सकाळी सरळ करून देईन.

लग्न छान झालं. भिंत पिवळी दिसली. जनाक्काही जेवून गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पा शिडी घेऊन दारात आले, तेव्हा घरात अजून पाहुणे होते. मी म्हटलं, "आजचा दिवस राहू द्या."

त्या संध्याकाळी सात वाजता सहाव्या आणि सातव्या खांबाच्या मधे एका मोटारसायकलने जनाक्काला उडवलं. तो पोरगा रडत सांगत होता, मला दिसलीच नाही, मला दिसलीच नाही. तो खोटं बोलत नव्हता. गडबड ऐकून मी माझ्या उजळलेल्या ओट्यावर आलो तर मलाही काही दिसलं नाही, फक्त आवाज आले. आप्पा धावत आले ते शिडी घेऊनच. जनाक्काला जीपमधे घातलं, जीप दवाखान्याकडे गेली, आणि त्यानंतर आप्पांनी वर चढून दिवा सरळ केला. उतरल्यावर बराच वेळ त्यांनी शिडी सोडली नाही. जनाक्का दोन दिवसांनी वारली.

चौकशी मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमधे झाली. जबाब लिहून घ्यायचं काम टेबलाच्या लिपिकाचं, म्हणजे माझं. आप्पा डोक्यावरची टोपी हातात धरून उभे होते. साहेबांनी विचारलं, "दिवा कोणी वळवला?"

"मी."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

माझं पेन कागदावर टेकलेलं होतं. आप्पा खिडकीबाहेर बघत होते.

"कोनी सांगं नही साहेब. मीच करं."

मी लिहिलं : 'सदर दिव्याची दिशा मी स्वतःच्या मर्जीने बदलली असून त्यासाठी मला कोणीही सांगितलेले नाही.' वाक्य वाचून दाखवलं. आप्पांनी सही केली. त्या वाक्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

त्यांना चार महिने घरी बसवलं आणि नंतर पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह फिरवायला पाठवलं. टोप्या 'अनधिकृत' म्हणून उतरवल्या. त्या जागी कमळाच्या आकाराचे दिवे आले. लांबून फार छान चमकतात. त्यांच्या लोकार्पणालाही फीत होती. मी टोमणा मारला नाही. ऐकायला शेजारी कोणी नव्हतं.

आप्पा रस्त्यात भेटत, मुलीची चौकशी करत, पुढे जात. एकदा मीच धीर करून विचारलं, माझं नाव का नाही घेतलं? ते व्हॉल्व्हची चावी खांद्यावर टाकून उभे राहिले. "सांगनारा ते गावभर व्हतात, भाऊसाहेब. फिरावनारा मी एकलाच व्हतू." मला माफ केलं होतं की मोजणीतून वगळलं होतं, हे त्या वाक्यावरून मला आजवर ठरवता आलेलं नाही.

गेल्या वर्षी ते आजारी पडले. फुप्फुसं गेली होती. मी तोवर निवृत्त झालो होतो, म्हणजे खरं बोलण्यात आता माझं काही जाणार नव्हतं. मी एक अर्ज लिहिला, त्या जबाबाची दुरुस्ती करणारा. कार्यालयात नवा मुलगा होता. त्याने तो वाचला, नम्रपणे परत दिला आणि म्हणाला, "काका, ते प्रकरण कधीच बंद झालंय. हा कशाला जोडू?" मी तो कागद घेऊन आप्पांकडे गेलो. ते उशांना टेकून बसले होते. मी पूर्ण अर्ज वाचला. त्यांनी डोळे मिटून ऐकला.

"चांगलं लिखं," ते म्हणाले. धाप लागली म्हणून थांबले. "पन हाई माले कसाले सांगतस? माले ते माहीतच शे. जनाक्काना घर जा. तठे वाचा."

इतक्या वर्षांत त्यांनी मला एवढं एकच काम सांगितलं. आठ दिवसांनी ते गेले. दहाव्याला गावातले सगळे वायरमन आले होते. नगरपालिकेने शोकप्रस्ताव केला. त्यात त्यांच्या 'प्रदीर्घ व निष्कलंक सेवेचा' उल्लेख होता. फाईल कोणी पाहिली नव्हती, हे एका परीने बरंच झालं.

दहाव्यानंतरच्या सोमवारी मी जनाक्काच्या घरी गेलो. तिची मुलगी सुमन भाकरी थापत होती. मी दाराशी बसून अर्ज वाचला. 'सदर', 'उपरोक्त', 'तत्कालीन', सगळं वाचलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हाई कचेरीनं बोलनं माले नही समजस, काका," ती म्हणाली. "काय शे ते सांगा."

मी कागद खाली ठेवला. "दिवा वळवायला मी सांगितलं होतं, सुमन. माझ्या मुलीच्या लग्नासाठी. आप्पा नको म्हणत होते. मी त्यांना भाग पाडलं, आणि माझं नाव लपवलं."

तिचा हात परातीत थांबला. तव्यावरच्या भाकरीला वास यायला लागला तेव्हा तिने ती उलटली, मग खाली काढली. मी उठून जावं की बसावं, ते मला कळेना.

"माय उन्हती ना तुमना लगीनले," ती अखेर म्हणाली. "जेईसन घर उनी, मंग सांगत व्हती, नवरी गैरी भारी दिसनी." पदराने तिने कपाळ पुसलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "पोर सुखमा शे ना तुमनी?"

मला 'हो' म्हणायला फार वेळ लागला.