लोरेन बर्टनशॉ गप्प बसली त्याची गोष्ट

लोरेन बर्टनशॉच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या थॉर्नक्लफमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. तिचं स्वतःचंही त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. टेकडीच्या उतारावर चर्चसमोर तिचं केस कापण्याचं पार्लर. गावातलं कुठलंही लग्न, आजारपण किंवा भांडण आधी तिच्या आरशासमोर यायचं आणि मग गावभर जायचं. बायका केस कापायला येत हे खरं, पण नुसते केसच कापायचे तर खालच्या गावात स्वस्तात कापून मिळत होते.

अशा बाईला शाळेची गव्हर्नर केलं कोणी, तर कीथ होलरॉइडने. कीथ बँकेतून निवृत्त झालेला, शाळेचा कारभार पाहणाऱ्या गव्हर्नर मंडळाचा अध्यक्ष. दर बैठकीला टाय लावून यायचा. मंडळावरची एक जागा वर्षभर रिकामी होती. फुकटचं काम, थंडीत रिकाम्या वर्गात बैठका, त्याही सहा वर्षांच्या पोरांच्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला टेकवून. कोण येणार? बायकोला पार्लरमध्ये सोडायला आलेल्या कीथने सहज विषय काढला आणि लोरेन लगेच हो म्हणाली. तिच्या नवऱ्याने, टेरीने, त्या दिवसापासून चहा देताना "घ्या गव्हर्नरसाहेब" म्हणायला सुरुवात केली.

पण बाईने काम मनापासून केलं. मंडळातले बाकीचे आकडे आणि आलेख बघत बसत. लोरेन विचारायची, "ते सगळं ठीक आहे, पण लहान पोरं मागच्या संडासात जायला का घाबरतात?" मग सगळे उठून बघायला जात आणि तिथला दिवा कित्येक आठवड्यांपासून गेलेला निघे.

त्या वर्षी शाळेला मुख्याध्यापिका नव्हती. जुन्या बाई निवृत्त झाल्या होत्या आणि दोनदा जाहिरात देऊनही धड माणूस मिळालं नव्हतं. तिसऱ्यांदाही जमलं नाही, तर शाळा खालच्या गावातल्या मोठ्या शाळेला जोडणार असं वरून स्पष्ट सांगितलं होतं. लोरेन याच शाळेत शिकली, तिची मुलं इथेच शिकली आणि आता नात पहिल्या वर्गात होती. शाळा गेली तर गावात उरणार काय, एक दारूचा पब आणि तिचं पार्लर!

तिसऱ्या वेळी मात्र एस्थर कॅडमन आल्या. गव्हर्नरांनी गुरुवारी मुलाखत घेतली. पोरांबरोबर जेवायला बसवलं, तेव्हा बाईंनी एका पोराचा नको असलेला फ्लॉवर मुकाट्याने आपल्या ताटात घेतला. लोरेनने तिथेच मनात मत देऊन टाकलं. बाकीच्यांचंही एकमत झालं. कीथने जागा देऊ केली, तेव्हा बाई म्हणाल्या, "सोमवारी सकाळी उत्तर देते. पण तोवर कुठे वाच्यता होता कामा नये. मी अर्ज केलाय हे माझ्या शाळेत कोणालाही माहीत नाही. कळलं, तर मला माघार घ्यावी लागेल."

"अर्थातच," कीथ म्हणाला आणि त्याने लोरेनकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच लोरेनकडे पाहिलं.

लोरेनला ते फार लागलं. घरी जाताना तिने ठरवलं, जीव गेला तरी चालेल, पण तोंड उघडायचं नाही.

शुक्रवार जिवावर आला. टेरीने रात्रीच्या जेवणाला विचारलं, "मग, मिळाली का बाई?" लोरेन म्हणाली, "मासा खारट झालाय का रे?" टेरीने घास तोंडात तसाच धरून तिच्याकडे पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने त्याला मासा कसा झालाय असं विचारलं होतं.

शनिवारी सकाळी पार्लर भरलं. विनीमावशी प्लॅट दर शनिवारी केसांना रोलर लावून घ्यायला यायची. वय ऐंशीच्या पुढे, कान आणि जीभ दोन्ही तिखट. शेजारच्या खुर्चीत पोस्टातली ब्रेंडा क्रॉसली.

"नाव नको सांगूस," ब्रेंडा म्हणाली, "नुसती मान हलव. बाई की बाप्या?"

"तुला पुढून किती कमी करू?" लोरेन म्हणाली.

"बघितलंत? ही गप्प आहे म्हणजे बातमी वाईट आहे. शाळा बंद होतेय, मावशी. लिहून ठेवा."

तेवढ्यात दाराची घंटा वाजली आणि एस्थर कॅडमन आत आल्या. डोक्यावर लोकरी टोपी, हातात भिजलेली छत्री. लोरेनच्या हातातला कंगवा खाली पडला.

"वेळ घेतलेली नाही," बाई म्हणाल्या, "पण केसांची टोकं जरा सारखी करून मिळतील का?"

लोरेनने कंगवा उचलला. "मिळतील की! बसा. या बाजूला पहिल्यांदाच आलात का?"

"हो, जरा फिरायला आले होते."

लोरेनने विनीमावशीला केस वाळवायच्या टोपीसारख्या ड्रायरखाली बसवलं आणि बाईंचे केस विंचरायला घेतले. इकडे ब्रेंडाच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. "अहो, आमच्याकडे शाळेला बाई मिळत नाहीत. मरायला येणार कोण या टेकडीवर? आणि आली, तरी पहिल्या बर्फात पळून जाईल!"

आरशात एस्थरबाईंचा चेहरा अगदी शांत होता. "ब्रेंडा," ती म्हणाली, "जी कोणी येईल तिला आधी चहा तरी विचारशील, का दारातच बर्फाचं सांगशील?"

"म्हणजे येणार आहे कोणीतरी!"

"मी असं कुठे म्हटलं?"

आता विनीमावशीने ड्रायरखालून डोकं बाहेर काढलं. "लोरेन, इकडे बघ. माझा पार्किन."

ब्रेंडा खुर्चीत सरसावून बसली. आलं आणि काकवी घातलेला विनीमावशीचा पार्किन केक खाल्ल्याशिवाय थॉर्नक्लफच्या शाळेची जत्रासुद्धा पार पडत नसे. त्याची कृती तिने स्वतःच्या सुनेलाही दिली नव्हती. लोरेन तर कित्येक वर्षं तिच्या मागे लागली होती.

"नाव सांग, आत्ता इथे कृती सांगते. सगळी. काकवी कधी घालायची त्याच्यासकट."

लोरेनच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. कात्री हवेत तशीच थांबली. मग ती म्हणाली, "मावशी, डोकं आत घ्या. मागचे केस ओले आहेत अजून."

"हिला काहीतरी झालंय," ब्रेंडा कुजबुजली. "डॉक्टरला दाखवायला हवं."

केस झाले. लोरेनने मागून आरसा धरला आणि सगळ्याच गिऱ्हाइकांना विचारते तेच सवयीने विचारलं, "मग, सुट्टीला कुठे जाणार यंदा?"

"अजून ठरलं नाही," एस्थरबाई म्हणाल्या. "सोमवारी ठरवीन." पैसे देऊन, छत्री घेऊन त्या गेल्या. लोरेन मागच्या खोलीत जाऊन टॉवेलच्या ढिगावर बसली.

सोमवारी पार्लर बंद असतं. लोरेन सकाळपासून फोनजवळ बसून होती. कीथचा फोन आला. "त्या हो म्हणाल्या, लोरेन."

"देवा!"

"आणि आणखी एक. मागे एकदा त्यांनी असाच दुसरीकडे अर्ज केला होता. तिथल्या गव्हर्नरांपैकी कोणीतरी बोललं, संध्याकाळपर्यंत त्यांच्या शाळेच्या फाटकाशी चर्चा सुरू. वर्षभर खाली मान घालून वावरावं लागलं त्यांना. म्हणून मुलाखतीनंतर त्यांनी पबमध्ये चौकशी केली, या गावात सगळ्यात बोलकं कोण? आणि शनिवारी थेट तुमच्याकडे आल्या. मला म्हणाल्या, जिथे तुमच्या लोरेन बर्टनशॉ गव्हर्नर आहेत, तिथे मी निर्धास्त येईन. आणि लोरेन, गुरुवारी मी तुमच्याकडेच पाहिलं होतं. चुकलं माझं."

लोरेनला रडू आवरेना. नाक पुसत तिने विचारलं, "आता सांगितलं तर चालेल?"

"आता सांगा. सगळ्यांना सांगा!"

ती घरातल्या सपातांवरच धावत सुटली, ती थेट विनीमावशीच्या दारात. "मावशी, बाई मिळाल्या! एस्थर कॅडमन त्यांचं नाव, आणि त्या..."

"शनिवारी टोकं कापून गेल्या त्याच," विनीमावशी म्हणाली. "ये आत. वारा लागतोय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुझ्या हातून कंगवा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. आणि नव्या गिऱ्हाइकाला तू गाव, नवरा, पोरंबाळं काही विचारलं नाहीस. मी म्हातारी झालेय, लोरेन, आंधळी नाही."

"मग कृतीचं कशाला बोललात?"

"बघत होते, पोरी. आमच्या शाळेसाठी तू किती दम धरतेस ते."

"आणि ब्रेंडाला सांगितलं नाहीत?"

"तू पार्किनवर पाणी सोडलंस, आणि मी पोस्टात जाऊन बोंबलू?"

विनीमावशीने केटली ठेवली, खुर्ची जवळ ओढली आणि लोरेनच्या कानाशी वाकून हळूहळू सगळं सांगितलं, काकवी कधी घालायची त्याच्यासकट.

विनीमावशी जाऊन आता काही वर्षं झाली. एस्थरबाई अजून आहेत, बर्फ पडला तरी. शाळेच्या जत्रेत पार्किन आता लोरेन करते आणि तो अगदी तसाच होतो. कृती मीही विचारून पाहिली, ब्रेंडाने तर पाया पडायचं बाकी ठेवलं. लोरेन इतर सगळ्या गावाची बातमी देते, पण त्या बाबतीत ताकास तूर लागू देत नाही.