माझे बिनटोचलेले कान

मी लहानपणी निळी होते. ओठ निळे, नखं निळी. सिंदेवाहीकडच्या आमच्या गावातल्या पोरी विचारायच्या, "जांभळं खाऊन आली काय वं?" मी ढेकूळ उचलून मागे धावायची आणि चार पावलांत दम लागून उकिडवी बसायची. मग त्याच पोरी पाठ चोळायला यायच्या, त्याचा तर अधिकच राग यायचा.

माझे कान टोचलेले नव्हते. तान्ही असताना सोनारानं एक कान टोचला, तर रक्त थांबेचना. मायनं हळद दाबली, तिचा पदर भिजला. दुसरा कान राहिला तो राहिलाच, पहिल्याचं भोकही बुजलं. बारीक बाळ्या मायनं डब्यात ठेवून दिल्या. हे ती कोणाजवळ बोलायची नाही.

चांद्याच्या डॉक्टरांनी हृदयात दोष सांगून मुंबईला पाठवलं. तिथं ऑपरेशनच्या आधी रक्त किती वेळात थांबतं ते पाहायचं होतं. डॉक्टर सुई घेऊन माझ्या कानाच्या पाळीकडे वळले, आणि परक्या माणसासमोर कधी मान वर न करणाऱ्या माझ्या मायनं त्यांचा हात धरला.

"कान नोका टोचू, भाऊ. रक्त थांबत नाई तिचं." मग रडत म्हणाली, "आधी सांगतलं असतं तर तुमी वापस धाडलं असतं."

डॉक्टर तिच्याजवळ स्टुलावर बसले. "हिचं रक्त फार दाट झालंय, बाई. पाणी कमी पडलं तर आतच गुठळी होते, आणि जखम झाली तर थांबत नाही. दोन्हीकडून भीती. पण सांगितलंत ते बरं झालं. जास्तीचं रक्त जवळ ठेवून मगच हात लावू."

ऑपरेशनात ते सगळं रक्त लागलं. मी जागी झाले तेव्हा माय माझी गुलाबी झालेली नखं चोळत होती. रंग लावलाय की काय, असं तिला वाटत होतं.

पुढल्या वर्षी भात घरात आल्यावर मायनं स्वतःच सोनाराला बोलावलं. त्यानं सुई टोचली. रक्ताचा एक थेंब आला, तिथंच सुकला. सोनारानं बाळी घातली, दुसरा कानही उरकला, चहा पिऊन तो निघूनही गेला.

"सोड ना वं माय, दुखते," मी करवादले.

"थांबलं का पाहून राह्यली," ती म्हणाली, आणि दिवा लावायची वेळ झाली तरी तिचा पदर माझ्या कानाशीच होता.