मंदाचं ‘सेट’

दिराचा फोन आला तेव्हा मी दूध तापवत होते. “वहिनी, मंदा गेली,” एवढंच बोलले भावजी. मग फोनमधून नुसता हॉस्पिटलचा गलबला ऐकू येत राहिला. पहाटे छातीत दुखतंय म्हणाली आणि स्वतःच्या पायांनी रिक्षात जाऊन बसली होती. दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली ठिबकत होतं, मी तशीच उभी... खोटं कशाला बोलू, रडू फुटायच्या आधी माझ्या मनात आलं, आता हिच्यासाठी सगळे किती रडतील! मंदा माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन आली त्या दिवसापासून मी तिच्यावर जळत आले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं. लिहिते, पण मला जमेल तसं.

आमचे सासरे साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी होते. त्यांच्या पश्चात दोघा भावांनी करंजाड्यात एकाच बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतले, आमचा पाचव्या मजल्यावर, मंदाचा दुसऱ्या. सासूबाई दुसऱ्यावर राहिल्या. लिफ्ट बंद पडली तर पाच मजले चढवायचे नाहीत, असं कारण त्यांनी दिलं. आमची लिफ्ट फारशी बंद पडत नाही. मी काय समजायचं ते समजले.

मंदा पनवेलला एका पार्लरमध्ये नवऱ्या मुली सजवायची. केस सेट करायचे, निऱ्या सेट करायच्या. तो शब्द तिच्याबरोबर घरी आला तो कायमचाच. घड्याळाचा गजर सेट, बिघडलेला टीव्ही सेट, भावजींचा मूड सेट, माझ्या लेकीला नोकरी लागली तर पोरगी सेट. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून दोन पुरुष हमरीतुमरीवर आले, तेव्हा ही चहाचा ट्रे घेऊन मध्ये जाऊन उभी राहिली, म्हणाली, आधी चहा घ्या, मग गाड्या सेट करू. आणि केल्यासुद्धा! मला त्या शब्दाची चीड होती. मी मराठीत एम. ए. प्राध्यापक व्हायचं म्हणून सेटची परीक्षा दिली, परत दिली, दोन्ही वेळा आपटले. मला ठाऊक असलेलं सेट ते एवढंच. दुसऱ्यांदा निकाल लागला त्या दिवशी मंदा म्हणाली, “ताई, तुमचं पण हुईल सेट.” मी बरेच दिवस तिच्याशी बोलले नाही. शेवटी तीच दह्याचा वाडगा घेऊन वर आली आणि काही झालंच नसल्यासारखी माझ्या ओट्याशी उभी राहून गप्पा मारू लागली.

त्या दह्याबद्दल सांगायलाच हवं. कवडी पडलेलं, घट्ट, वाडगा कलता केला तरी हलायचं नाही. विरजण तिनं माहेराहून स्टीलच्या डबीत आणलं होतं, ते इतकी वर्षं जपलेलं. अर्धी बिल्डिंग तिच्याच विरजणावर दही लावायची. मी नाही लावलं. आमच्याकडे आहे, असं सांगून तिचा वाडगा परत करायचे आणि दुकानातल्या दह्याचं विरजण लावायचे. माझं दही कायम पाणचट. एकदा ती घरात असताना मी तिसऱ्यांदा झाकण काढलं, तर हसली. “सारखं काय बघताय, ताई? जरा एकटं सोडा त्याला. आपलं आपण हुतंय सेट.” मी झाकण दाणकन ठेवलं.

तेराव्याला बिल्डिंगमधल्या बायका जमल्या. जिला तिला मंदाचं एकेक सेट आठवत होतं. कुणाच्या सुनेचा राग तिनं सेट केला होता, कुणाच्या मुलीचं जमता जमता मोडलेलं लग्न. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जाऊ माझी, आणि रडायला या पुढे! पण मला काही सांगताच येईना. मला मिळालं होतं ते मी वाडग्यासकट परत केलं होतं...

नंतर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. इतकी वर्षं मनात धरलेलं अखेर झालं. पण त्यांचं जेवण दहीभाताशिवाय संपत नाही, आणि माझं दही त्या ताटाच्या कडेला सारायच्या. “नगं,” एवढंच. हळूहळू भातही टाकू लागल्या. मनगटातल्या बांगड्या पार कोपराकडे सरकायला लागल्या. ह्यांनी डॉक्टर आणले, टॉनिक आणलं. काय आणायला हवं होतं ते मला कळत होतं, पाय निघत नव्हता.

शेवटी रिकामी वाटी घेऊन तिसऱ्या मजल्यावर सावंतबाईंकडे गेले. तेराव्याला सगळ्यांत जास्त रडल्या होत्या त्या. मंदाच्या फ्रिजमधलं विरजण तर त्या दिवसांच्या गडबडीत आंबून वाया गेलं होतं. मंदाचं विरजण आहे का, म्हणून विचारताना माझाच आवाज मला परका वाटला. त्यांनी फ्रिज उघडला, चमचाभर दही वाटीत घातलं आणि साधेपणानं म्हणाल्या, “मला वाटलं, तुमच्याकडे असेलच. तुम्ही तर घरच्या.” वरचे दोन मजले जिन्यानंच चढून जावंसं वाटलं, लिफ्टच्या आरशात तोंड बघवेना.

दूध कोमट केलं, विरजण कालवलं, झाकण ठेवलं आणि स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसले. दोनदा उठले, दोनदा परत बसले. झाकण काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंच्या भातावर ते दही वाढलं. घास तोंडात गेला आणि त्यांचा हात थांबला.

“मंदाचं हाय.”

“हो आई, तिचंच.”

ताट पुसून खाल्लं म्हातारीनं. एकदाही ‘तू लावलंस’ म्हणाली नाही. माझ्या पोटात दुखायचं ते दुखलंच. मंदा जाऊनसुद्धा सासूबाईंच्या ताटात पहिली तीच! रोज दुपारी हेच चाललंय आता. वाढते मी, आणि खाताना तोंडात नाव येतं तिचं. मग ताट उचलून मी फ्रिजपाशी जाते आणि चमचाभर दही उद्यासाठी वाटीत बाजूला काढते. परवा ह्यांनी तेवढंही मागितलं, तर मी दिलं नाही.